राउटरांचे शेजारसंबंध व त्यांतील दोषांचे निदान

हावड्याकडून नागपुरास येणारा लोहमार्ग डोंगरगड सोडल्यावर पानियाजोब व बोरतलाव ही स्थानके मागे टाकतो आणि डोंगराळ, अरण्यमय प्रदेशातून महाराष्ट्रात प्रवेश करतो. महाराष्ट्राच्या बाजूचे पहिले स्थानक दरेकसा. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील हे लहानसे गाव कचारगडच्या गुहांमुळे आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे भरणाऱ्या गोंड समाजाच्या यात्रेमुळे विदर्भात पुष्कळांस ठाऊक आहे. मूळची नागपूर-छत्तीसगढ रेल्वे मीटरमापी होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती रुंदमापी करून पूर्वेकडे वाढविली. आज हा मार्ग दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात मोडतो. संगणकांच्या नेटवर्कवरील लेखाचा आरंभ एका घाटातील रेल्वे-स्थानकापासून का व्हावा, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ज्या विषयाचा येथे विचार करावयाचा आहे तो दोन शेजाऱ्यांनी एकमेकांविषयी खात्री कशी करून घ्यावी हा आहे. आणि हा प्रश्न रेल्वेने राउटर जन्मास येण्याच्या कितीतरी आधी सोडविला होता.

दरेकशाला शेजारी दोन : एका बाजूस सालेकसा, दुसऱ्या बाजूस बोरतलाव. रेल्वेच्या ‘ॲब्सोल्यूट ब्लॉक’ पद्धतीत एका स्थानकाने पुढील स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळविल्यावाचून दोहोंमधील खंडात गाडी सोडावयाची नसते. ही संमती ब्लॉक-यंत्राच्या घंटीच्या ठोक्यांनी मागितली जाते. एक ठोका लक्ष वेधण्यासाठी, दोन ठोके लाइन क्लिअरच्या पृच्छेसाठी, तीन गाडी खंडात शिरल्याची वर्दी देण्यासाठी, चार ती खंडाबाहेर पडल्याचे कळविण्यासाठी. यातील महत्त्वाचा नियम पुढचा आहे. ज्याला संकेत मिळाला त्याने तो तसाच उलट वाजवून परत करावयाचा. जो संकेत परत आला नाही तो पोचलाच नाही असे समजावयाचे. दरेकशाच्या स्टेशनमास्तराने घंटी वाजविली एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. बोरतलावने ती ऐकली, हे दरेकशाने ऐकले पाहिजे. मध्ये वळणे, झाडी आणि बोगदा असताना डोळ्यांनी खात्री करून घेण्याची सोय नसते. म्हणून खात्रीचे सारे ओझे या देवाणघेवाणीवर पडते.

राउटरांची स्थिती अगदी अशीच असते. ‘ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट’, संक्षेपाने ओएसपीएफ, हा मार्गनिर्धारणाचा एक प्रमुख प्रोटोकॉल होय. त्याचा पहिला मसुदा १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आज आधारभूत मानले जाणारे दुसऱ्या आवृत्तीचे मानक आरएफसी २३२८ या क्रमांकाने एप्रिल १९९८ मध्ये. दोहोंचे लेखक जॉन मॉय. यात प्रत्येक राउटर आपल्या क्षेत्रातील सर्व जोडण्यांचा संपूर्ण नकाशा स्वतःजवळ बाळगतो, आणि डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने त्या नकाशावरून लघुतम मार्ग स्वतःच काढतो. सर्वांचे नकाशे तंतोतंत सारखे असतील तरच सर्वांची गणिते जुळतील. एकाच्या नकाशात जी वाट आहे ती दुसऱ्याच्या नकाशात नसेल, तर पहिला पॅकेट पुढे धाडील आणि दुसरा ते त्यालाच परत करील. म्हणून दोन राउटरांमधील शेजारसंबंध म्हणजे निव्वळ तार जोडलेली असणे नव्हे. दोघांनी परस्परांचे नकाशे ताडून एकमत केलेले असणे होय. या पूर्ण झालेल्या संबंधास आपण येथे ‘संलग्नता’ म्हणू.

आमच्या प्रयोगशाळेत पदव्युत्तर वर्गासाठी चार राउटर एका ओळीत जोडले होते. वर्गातील एका विद्यार्थ्याचे गाव त्याच बाजूचे असल्याने त्याने त्यांना सालेकसा, दरेकसा, बोरतलाव व पानियाजोब अशी नावे दिली, आणि ओळखक्रमांकही त्याच क्रमाने १.१.१.१ पासून ४.४.४.४ पर्यंत ठेवले. दरेकसा व बोरतलाव यांच्यामधील जोडणी साधी नव्हती. ती एका टनेलमधून, म्हणजे एका पॅकेटच्या पोटात दुसरे पॅकेट घालून नेण्याच्या व्यवस्थेतून होती. (घाटातील बोगद्याशी हे साम्य जमून आले याचा त्या विद्यार्थ्यास विशेष आनंद झाला.) सालेकसा-दरेकसा संलग्न झाले, बोरतलाव-पानियाजोबही झाले, परंतु मधली जोडी काही केल्या जुळेना. दिवे हिरवे होते, पिंगला उत्तर येत होते, आणि तरीही सालेकशाच्या मार्गसारणीत पानियाजोबचे नाव नव्हते. विद्यार्थ्यांनी काय केले असेल ते अनुभवी वाचक ओळखतीलच. त्यांनी प्रोटोकॉल बंद करून पुन्हा चालू केला. मग राउटरच बंद करून पुन्हा चालू केला. आणि ते तिसऱ्यांदाही केले. या प्रसंगाकडे पुन्हा वळावयाचेच आहे. तत्पूर्वी संलग्नता कोणत्या पायऱ्यांनी घडते ते पाहणे इष्ट होय, कारण निदानाची सारी किल्ली तेथेच आहे.

ओएसपीएफ चालविणारा राउटर आपल्या जोडणीवर ठराविक अंतराने, साधारणतः दर १० सेकंदांनी, एक लहानसा ‘हॅलो’ संदेश सोडतो. तो २२४.०.०.५ या सामूहिक पत्त्यावर जातो व आयपीमध्ये ८९ या प्रोटोकॉल-क्रमांकाने ओळखला जातो. त्यात प्रेषकाचा ओळखक्रमांक, क्षेत्राचा क्रमांक व कालमर्यादा असतात. आणि शिवाय ज्या शेजाऱ्यांचे हॅलो आपल्या कानी नुकतेच आले त्यांची यादीही असते. ही यादी म्हणजेच परत वाजविलेली घंटी. बोरतलावच्या हॅलोतील यादीत दरेकशाला स्वतःचा क्रमांक दिसला म्हणजे दरेकशाची खात्री पटते की, आपला आवाज पलीकडे पोचतो आणि पलीकडचा आपल्याकडे येतो. या अवस्थेस ‘टू-वे’ असे नाव आहे. शेजाऱ्याचा आवाज आला परंतु त्याच्या यादीत आपण नाही, तर अवस्था ‘इनिट’. काहीच ऐकू आले नाही तर ‘डाउन’. टू-वेनंतर नकाशा ताडण्याचे काम सुरू होते. प्रथम बोलण्यात पुढाकार कोणाचा व क्रमांक कोठून सुरू करावयाचे हे ठरते, ती ‘एक्स-स्टार्ट’. मग आपापल्या नोंदींची सूची परस्परांस दिली जाते, ती ‘एक्स्चेंज’. ज्या नोंदी आपणांकडे नाहीत वा जुन्या आहेत त्या मागवून घेतल्या जातात, ती ‘लोडिंग’. आणि सर्व जुळले की ‘फुल’.

विद्यार्थी या नावांकडे परीक्षेत पाठ म्हणावयाची यादी म्हणून पाहतात, हे दुर्दैव आहे. वस्तुतः गाडी कोठल्या स्थानकावर अडली हे त्यांवरून कळते, आणि प्रत्येक स्थानकावर अडण्याची कारणे वेगळी असतात.

‘इनिट’चेच पाहा. दरेकसा बोरतलावला ‘इनिट’ अवस्थेत दाखवीत आहे असे समजू. आमच्या वर्गातील बहुतेकांचा तर्क असा की, ज्याअर्थी दरेकसा अडचण दाखवितो त्याअर्थी दरेकशाला ऐकू येत नसावे, म्हणून त्याची ग्रहण करणारी बाजू तपासावी. हा तर्क नेमका उलटा आहे. इनिट दाखविणारा राउटर चांगले ऐकतो. त्याचाच आवाज पलीकडे जात नाही. दोष दरेकशाकडून बोरतलावकडे जाणाऱ्या दिशेत शोधला पाहिजे, आणि त्याची खात्री बोरतलावच्या सारणीवरून करून घेतली पाहिजे : तेथे दरेकशाचे नावच नसेल. एकाच जोडणीची दोन टोकांवरील चित्रे अशी भिन्न असतात, आणि केवळ एका टोकाची साक्ष घेऊन निकाल देणारा चुकीच्या टोकाला खणू लागतो. प्रकाशतंतूंच्या जोडणीत हे वारंवार घडते, कारण जाण्याचा तंतू वेगळा व येण्याचा वेगळा. लोहमार्गाच्या कडेने पुरलेल्या केबलवर कोठेतरी माती खणली गेली आणि दोहोंपैकी एकच तंतू तुटला, तर एकाच दिशेचे बोलणे बंद पडते. मध्ये एखादा स्विच वा परिवर्तक असेल तर दोन्ही टोकांचे दिवेही हिरवेच राहतात. अशा वेळी हॅलोचा क्रम कसा चालतो तेही पाहण्याजोगे आहे. बहिरा झालेला राउटर हॅलोच्या चौपट, म्हणजे ४० सेकंद वाट पाहून शेजाऱ्यास मृत ठरवितो व आपल्या यादीतून त्याचे नाव काढतो. दुसऱ्यास ते पुढील हॅलोत कळते आणि तो इनिटवर घसरतो. तोवर पाऊण मिनिट उलटलेले असते, आणि तेवढा वेळ पॅकेटे अंधारात पडत असतात. संपूर्ण तुटलेल्या तारेपेक्षा अर्धवट तुटलेली तार अधिक घातक, ती या अर्थाने. हा विलंब कमी करण्यासाठीच २०१० मध्ये आरएफसी ५८८० ने ‘बीएफडी’ हा स्वतंत्र, अतिशय हलका प्रोटोकॉल मानक म्हणून पुढे आणला. तो सेकंदाच्या अल्पांशात हेच काम करतो.

शेजारी सारणीत मुळीच दिसत नसेल तर दोन शक्यता उरतात. हॅलो येतच नाहीत, किंवा येऊन नाकारले जातात. दुसरी शक्यता नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही, कारण नकार मूक असतो. हॅलोतील क्षेत्र-क्रमांक, हॅलोचा कालावधी, मृत ठरविण्याची मुदत, ‘स्टब’ क्षेत्राची खूण व अधिकृततेची खातरजमा या बाबी दोन्ही टोकांस सारख्या असाव्या लागतात. अनेक राउटर एकत्र येणाऱ्या जोडणीवर सबनेट मास्कही जुळावा लागतो, मात्र दोघांच्याच थेट जोडणीवर मानक त्याची तपासणी करीत नाही. यांपैकी एकातही फरक पडला की आलेला हॅलो टाकून दिला जातो, पाठविणाऱ्यास काहीही कळविले जात नाही. एका टोकास जोडणीचा प्रकार बदलल्यामुळे १० व ४० ऐवजी ३० व १२० सेकंद ही मूल्ये लागू झाली, हे याचे नित्याचे उदाहरण. हॅलो येतच नसतील तर संरक्षक नियमावलीकडे पाहावे. पिंग हा एका पत्त्यावर जाणारा वेगळ्याच प्रोटोकॉलचा संदेश आहे, हॅलो सामूहिक पत्त्यावर जातो. पहिल्यास मुभा आणि दुसऱ्यास मज्जाव असे सहज घडते. ‘पिंग चालते, म्हणजे जोडणी ठीक आहे’ हे वाक्य आमच्या प्रयोगशाळेत जितके ऐकू येते तितके ते खरे नसते.

उलट जेथे दोष नाही तेथे दोष पाहण्याचाही एक प्रसंग असतो. एका सामायिक जोडणीवर पाच-सहा राउटर असतील तर प्रत्येकाने प्रत्येकाशी नकाशा ताडणे व्यर्थ होय. म्हणून त्यांच्यात एक नियुक्त व एक उपनियुक्त राउटर निवडला जातो, आणि बाकीचे केवळ त्या दोघांशी पूर्ण संलग्न होतात. उरलेल्यांचे आपसातील नाते टू-वेवरच थांबते. ते तसेच असावयाचे असते. हा ‘दोष’ दुरुस्त करण्यात एक संपूर्ण सायंकाळ घालविलेले विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत.

आता दरेकसा-बोरतलावकडे वळू. विद्यार्थ्यांना राउटर पुन्हा चालू करण्यापासून परावृत्त करून दोन्ही टोकांच्या सारण्या शेजारी शेजारी लिहून काढावयास सांगितले. दरेकशावर बोरतलावची अवस्था ‘एक्स्चेंज’ होती. बोरतलाववर दरेकशाची ‘एक्स-स्टार्ट’. हॅलो दोन्हीकडून पोचत होते हे यावरूनच सिद्ध झाले. काल, क्षेत्र, गुप्तशब्द या सर्व बाबी एका क्षणात संशयातून मुक्त झाल्या. तारही मुक्त झाली. पूर्वीच्या पाऊण तासात याच गोष्टी पुनःपुन्हा तपासल्या गेल्या होत्या! राहिला प्रश्न एवढाच, की हॅलो जाऊ शकतो पण सूचीचे पॅकेट स्वीकारले जात नाही असे कशाने होते?

याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे एमटीयू, अर्थात जोडणीवर एका खेपेस नेता येणाऱ्या पॅकेटची कमाल मर्यादा, दोन टोकांस वेगळी असणे. टनेलमुळे प्रत्येक पॅकेटवर २४ बाइटांचे बाह्य आवरण चढत होते, म्हणून बोरतलावने आपली मर्यादा १५०० वरून १४७६ वर आणली होती. दरेकशावर मात्र कोणीतरी हाताने १५०० लिहिले होते. का, असे विचारता ‘सगळीकडे तेवढेच असते’ असे उत्तर मिळाले. सूचीच्या पॅकेटमध्ये प्रेषकाची मर्यादा नमूद केलेली असते. ती आपल्याला पेलणाऱ्या मर्यादेपेक्षा मोठी दिसली तर ते पॅकेट नाकारावे, असा मानकाचा नियम आहे. तेव्हा नाकारणारा नेहमी लहान मर्यादेचा राउटर असतो, येथे बोरतलाव. मग दोघांच्या अवस्था भिन्न का? ज्याचा ओळखक्रमांक मोठा त्याच्याकडे पुढाकार जातो. बोरतलावचा क्रमांक मोठा, आणि त्याचे पहिले पॅकेट दरेकसा विनातक्रार स्वीकारतो, कारण १४७६ ही मर्यादा दरेकशाला जड नाही. म्हणून दरेकसा दुय्यम भूमिका मान्य करून एक्स्चेंजमध्ये जातो व उत्तर धाडतो. ते उत्तर बोरतलाव नाकारतो आणि एक्स-स्टार्टवरच बसून राहतो. ओळखक्रमांकांची अदलाबदल केली तर काय होईल, हे विद्यार्थ्यांनी आधी कागदावर काढले व मग करून पाहिले. पुढाकार दरेकशाकडे जावयास हवा. परंतु त्याचे पॅकेटच नाकारले जात असल्याने बोरतलाव दुय्यम भूमिका कधीच स्वीकारीत नाही, आणि दोघेही एक्स-स्टार्टवर अडकतात. तसेच घडले. म्हणजे दोन टोकांच्या अवस्था व दोन ओळखक्रमांक एवढ्या सामग्रीवरून, कोणाची मर्यादा लहान असावी याचा अंदाज यंत्राची रचना न वाचताही करता येतो. काही उत्पादकांची यंत्रे अनेक वेळा पुनःप्रेषण करून दमली की संबंध तोडून पहिल्यापासून आरंभ करतात. म्हणून सारणी एकदाच न पाहता थोड्या थोड्या वेळाने तीन-चारदा पाहावी.

ही तपासणी मानकात आरंभापासून नव्हती. १९९० च्या दशकातील सुधारणेत ती घालण्यात आली. तिचे कारण विचार करण्याजोगे आहे. तपासणी नसेल तर नकाशा लहान असताना संलग्नता बिनबोभाट घडते, कारण सर्व पॅकेटे लहान असतात. पुढे नेटवर्क वाढते, एखाद्या दिवशी नोंदींचे पॅकेट मर्यादेपलीकडे जाते, ते हरवते, आणि महिनोन्महिने सुरळीत चाललेली जोडणी अकारण कोलमडल्यासारखी दिसते. त्यापेक्षा पहिल्या दिवशीच भांडण झालेले बरे, असा हा विचार आहे. म्हणून अनेक यंत्रांत एमटीयूकडे दुर्लक्ष करण्याची जी आज्ञा उपलब्ध असते ती वापरण्यास आमचा विरोध आहे. तिने फुल अवस्था ताबडतोब येते हे खरे, परंतु दोष नाहीसा होत नाही, केवळ त्याची घंटी बंद होते. पिंगने खात्री करावयाचीच असेल तर नेहमीचे लहान पिंग निरुपयोगी. पूर्ण आकाराचे, आणि तुकडे करण्यास मनाई करणारी खूण लावलेले पिंग दोन्ही दिशांनी पाठवावे.

पुन्हा चालू करण्याविषयी आमचा आक्षेपही येथे स्पष्ट होईल. त्याने कधीकधी काम भागते, आणि तेच त्यातील संकट. राउटर बंद केला की त्याच्या स्मृतीतील नोंदी, नाकारलेल्या पॅकेटांची गणना, शेजारी केव्हा व कोणत्या कारणाने गेला याची वर्दी हे सारे पुसले जाते. अपघातस्थळ धुऊन काढल्यावर चौकशी करावयाची ती कशाची?

संलग्नता घडते पण टिकत नाही, हा प्रकार याहून अवघड. नोंदवहीत ‘मुदत संपली’ असे शब्द आढळतात आणि प्रत्येकजण तारेकडे धावतो. तार निर्दोष असूनही शेजारी मृत ठरू शकतो, याचा इतिहासातील सर्वांत बोधप्रद दाखला अमेरिकेतील अर्पानेट या नेटवर्कचा आहे. २७ ऑक्टोबर १९८० रोजी हे संपूर्ण नेटवर्क कित्येक तास निकामी झाले. त्याचे विश्लेषण एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये आरएफसी ७८९ म्हणून प्रसिद्ध केले. तेथील मार्गनिर्धारक यंत्रांस इम्प असे म्हणत. क्रमांक २९ च्या इम्पमध्ये स्मृतीतील बिटे गळत होती. त्यामुळे क्रमांक ५० च्या इम्पने काढलेल्या एकाच निवेदनाच्या ४४, ४० व ८ अशा अनुक्रमांकांच्या तीन प्रती नेटवर्कमध्ये शिरल्या. द्विमान पद्धतीत हे अंक १०११००, १०१००० व ००१००० असे लिहिले की एकेक बिट गळाल्याचे डोळ्यांस दिसते. अनुक्रमांक सहा बिटांचे असून ६३ नंतर पुन्हा शून्यापासून मोजले जात. म्हणून चक्राकार तुलनेत ४४ हा ४० हून नवा, ८ हा ४४ हून नवा, आणि ४० हा ८ हून नवा ठरला. तिघांपैकी कोणतीही प्रत अखेरची नाही! प्रत्येक इम्प प्रत्येक प्रतीला ‘नवी’ मानून पुढे पाठवीत राहिला.

आपल्या विषयाशी संबंध आहे तो यापुढील भागाचा. या निवेदनांच्या प्रक्रियेस अग्रक्रम होता, आणि जोडणी जिवंत आहे की नाही हे शेजाऱ्याशी ताडून पाहणारे काम खालच्या अग्रक्रमावर होते. वरचे काम संपेचना, खालच्याची पाळी येईना; त्यामुळे धडधाकट तारा मृत घोषित होऊ लागल्या. स्टेशनमास्तर दुसऱ्याच कामात इतका गुंतला की घंटीला उत्तर देण्यास त्याला सवडच उरली नाही, असे म्हणता येईल. ओएसपीएफच्या रचनेत या अनुभवाची छाप स्पष्ट दिसते : अनुक्रमांक ३२ बिटांचे व सरळ रेषेत वाढणारे आहेत, चक्राकार नाहीत; आणि प्रत्येक नोंदीबरोबर तिची तपासबेरीज कायम राहते, त्यामुळे वाटेत किंवा स्मृतीत गळालेले बिट पकडले जाते. तथापि प्रोसेसरवर भार पडून हॅलो वेळेवर न निघण्याचा किंवा न वाचला जाण्याचा संभव आजही राहिला आहे. म्हणून ‘मुदत संपली’ ही नोंद दिसताच त्या क्षणी दोन्ही टोकांच्या प्रोसेसरवर किती भार होता हे पाहावे, आणि मुदत कोणाची संपली व कोणी केवळ इनिटवर घसरला याचा क्रम जुळवावा. त्यासाठी दोन्ही राउटरांची घड्याळे मिळविलेली असणे अगत्याचे आहे. पाच मिनिटांच्या फरकाने चालणाऱ्या दोन घड्याळांच्या नोंदींतून कार्यकारणभाव काढणे अशक्य.

फुल अवस्था आल्यावरही मार्ग दिसत नाहीत, असे दोन प्रसंग ओझरते सांगतो. एका टोकास जोडणीचा प्रकार ‘ब्रॉडकास्ट’ व दुसऱ्यास ‘पॉइंट-टु-पॉइंट’ असेल तर दोहोंचे काल सारखेच असल्याने संलग्नता घडते, परंतु एकाच जोडणीचे वर्णन दोघे दोन तऱ्हांनी करतात, आणि नकाशातील ती रेषा गणितात जुळत नाही. दुसरा प्रसंग ओळखक्रमांकाच्या द्विरुक्तीचा. थेट शेजाऱ्यांचा क्रमांक एकच असेल तर संबंध जुळतच नाही. पण सालेकसा व पानियाजोब यांच्यासारखे दूरचे दोघे एकच क्रमांक लावून बसले, तर मधल्यांच्या साऱ्या संलग्नता फुल दिसतात आणि एकाच नावाच्या दोन परस्परविरोधी नोंदी नेटवर्कभर एकमेकींस पुसत राहतात.

बीजीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलविषयी येथे थोडकेच लिहितो, कारण त्याचा शेजार निराळ्या जातीचा आहे. तो टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या द्वारावर बोलतो, शेजारी आपोआप शोधत नाही. दोन्हीकडील पत्ते माणसाने लिहून द्यावे लागतात. म्हणून तेथील दोष बहुधा लिहिण्यातील असतात : समोरच्याच्या स्वायत्त क्षेत्राचा क्रमांक चुकलेला, किंवा आपण ज्या पत्त्यावरून बोलतो तो पलीकडे नोंदलेलाच नाही. एका नावाबद्दल मात्र सावध करणे अवश्य आहे. बीजीपीच्या सारणीत ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द पाहून विद्यार्थी समाधानाने वही मिटतात. त्याचा अर्थ संबंध चालू आहे असा नसून जोडणीचा यत्न फसला व राउटर अद्याप वाट पाहत आहे असा होतो. संबंध जुळल्याची अवस्था ‘एस्टॅब्लिश्ड’ ही एकच.

प्रयोगशाळेतील त्या दिवशी दरेकशावरील मर्यादा १४७६ करताच, काहीही बंद न करता, संलग्नता थोड्याच वेळात पूर्ण झाली व सालेकशाच्या सारणीत पानियाजोब उमटले. त्यानंतर आम्ही दरेकशाचा केवळ एक तंतू काढून ठेवला आणि दोन्ही टोकांस दोन विद्यार्थी बसविले. त्यांनी एकमेकांशी न बोलता आपापल्या सारणीतील बदल घड्याळ लावून टिपावयाचे होते. दोन्ही वह्या प्रयोगशाळेत ठेवल्या आहेत. पुढील सत्रात सालेकसा व पानियाजोब थेट जोडून चौघांचे वर्तुळ करावयाचे आणि हेच टिपण बीएफडी लावून पुन्हा घ्यावयाचे असे ठरले आहे.